बर्फाच्या उतारावर भारत



मे महिन्यातली दारव्ह्याची दुपार तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवली नसेल. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर टेकलेला असतो, रस्त्यावरचे डांबर पायाखाली मऊ लागते आणि बाजारात गर्दी असते ती फक्त रसवंतीसमोर. अशा एका दुपारी मी बर्फावरच्या खेळांविषयी लिहायला बसलो आहे, याचे तुम्हांला हसू येईल. परंतु त्याला कारण घडले आहे. अकरावीच्या वर्गात मी घर्षणाचा पाठ शिकवत होतो. बर्फाचे उदाहरण निघाले, त्यावरून हिवाळी ऑलिंपिकचा विषय निघाला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपले खेळाडू तिथे जातात तरी कशाला? दर वेळी शेवटीच तर असतात!" वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. 'शेवटी' म्हणजे नेमके किती मागे? आणि मागे का? हे दोन्ही प्रश्न पदार्थविज्ञानाचेच आहेत, तेव्हा त्यांचे उत्तर देणे माझे कामच आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. भारताने हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा भाग घेतला तो १९६४ साली, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे. आपला चमू केवढा? एका माणसाचा. त्याचे नाव जेरेमी बुयाकोव्स्की. पोलिश आईबापांचा, परंतु भारतात वाढलेला हा तरुण स्कीवरून डोंगर उतरण्याच्या शर्यतीत आपल्यातर्फे उतरला. १९६८ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथेही तोच गेला. त्यानंतर वीस वर्षे भारताचे कोणीच गेले नाही. १९८८ साली कॅनडातील कॅल्गरी येथे तिघे गेले. त्यांत शैलजा कुमार होती, हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळलेली पहिली भारतीय स्त्री. स्लालम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी उतरण्याच्या शर्यतीत ती अठ्ठाविसावी आली. ज्यांनी शर्यत पूर्ण केली त्यांत हा क्रमांक शेवटचा होता. परंतु 'ज्यांनी शर्यत पूर्ण केली' हे शब्द लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे. १९६४ पासून २०२२ पर्यंतच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताला एकही पदक मिळालेले नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे मी काही लपवले असे कोणी म्हणायला नको.

आता ज्याच्याविषयी मला मुख्यतः सांगायचे आहे त्याच्याकडे येऊ. शिव केशवन हा १९८१ साली जन्मलेला, हिमाचल प्रदेशातील मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा मुलगा. वडील मल्याळी, आई इटालियन. १९९८ साली जपानमधील नागानो येथे तो भारताचा एकुलता एक खेळाडू होता आणि त्याचे वय होते अवघे सोळा वर्षे, म्हणजे तुमच्यापैकी काही जणांएवढेच! ल्यूज या खेळात इतक्या लहान वयाचा खेळाडू ऑलिंपिकमध्ये पूर्वी कधी उतरला नव्हता.

ल्यूज म्हणजे काय? तुमच्यापैकी कोणी गॅरेजमधून जुन्या बेअरिंगा आणून, फळीला ठोकून, बेअरिंगची गाडी केली असेल. तशीच ही एक घसरगाडी. मात्र तिला चाके नसतात, खाली दोन पोलादी पट्ट्या असतात. वजन वीस-पंचवीस किलो. खेळाडू तिच्यावर उताणा झोपतो, पाय पुढे, डोके मागे, आणि बर्फाच्या वळणावळणाच्या नळीतून खाली येतो. गाडीला ब्रेक नसतो, सुकाणूही नसते. पोटऱ्यांनी गाडीच्या पुढच्या टोकांवर किंचित दाब द्यायचा, खांदा थोडा दाबायचा, की गाडी वळते. इंजिन म्हणाल तर एकच, गुरुत्वाकर्षण. सुरुवातीला दोन मुठी धरून शरीराला हिसका द्यायचा, मग खिळे लावलेल्या हातमोज्यांनी बर्फावर चार-पाच वेळा वल्हवायचे, आणि पुढे सगळा कारभार पृथ्वीकडे.

येथे आपले पाठ्यपुस्तक उपयोगी पडते. नळीचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा शंभर मीटर उंच आहे असे धरू. शंभर मीटर उंचीवरच्या वस्तूची स्थितिज ऊर्जा पूर्णपणे गतिज ऊर्जेत बदलली तर वेग किती होईल? दोन गुणिले ९.८ गुणिले १०० यांचे वर्गमूळ काढा. सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १६० किलोमीटर. प्रत्यक्षात अशा उतारावर चांगला खेळाडू ताशी १३५ च्या आसपास पोहोचतो. हाच हिशेब उलटा केला तर ताशी १३५ किलोमीटर वेगाला ७२ मीटरची उंची पुरते. मग उरलेले २८ मीटर गेले कोठे? काही बर्फाच्या घर्षणात, पुष्कळसे हवेच्या रोधात. हिशेब ढोबळ आहे, पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. उतार आणि गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखेच मिळते. जिंकणारा जिंकतो तो या २८ मीटरांतले थोडे वाचवून.

(आमची शकुंतला रेल्वे धावत होती तेव्हा तिच्यातून ज्यांनी दारव्ह्याहून मूर्तिजापूर गाठले आहे, त्यांना ताशी १३५ म्हणजे काय हे सांगून समजणार नाही!)

वाचवायचे कसे? डोके मागे टाकायचे, पायांची बोटे ताणायची, अंगाला चिकटणारा पोशाख घालायचा. वाऱ्याविरुद्ध सायकल मारताना तुम्ही हॅंडलवर वाकता, तोच प्रकार. परंतु वस्तुमानाचे काय? गॅलिलिओने सांगितले आहे की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतात. ते खरे, पण हवा नसेल तर. घरी एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या काड्यापेट्या घ्या. एक रिकामी ठेवा, दुसरीत वाळू भरून ती चिकटवून टाका. मोठ्या माणसाला सोबत घेऊन गच्चीवरून दोन्ही एकदम सोडा. वाळूची पेटी आधी जमिनीवर आपटेल. दोघींवरचा हवेचा रोध सारख्याच वेगाला सारखाच असतो, कारण आकार एकच आहे. पण हलक्या पेटीला तोच रोध जास्त जाणवतो. ल्यूजमध्ये याच कारणाने भारदस्त खेळाडूला लाभ मिळतो. म्हणून हलक्या खेळाडूला ठराविक प्रमाणात जादा वजन अंगावर बांधू देतात. पण त्यामुळे सगळी उणीव भरून निघत नाही. सोळा वर्षांचा मुलगा पूर्ण वाढलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन गड्यांसमोर उतरला होता, हे आता नव्या दृष्टीने पाहा. त्या शर्यतीत केशवन अठ्ठाविसावा आला.

त्याच नागानोच्या नळीत, त्याच ऑलिंपिकमध्ये, स्त्रियांच्या ल्यूजचे सुवर्णपदक किती फरकाने ठरले ठाऊक आहे? चार फेऱ्यांची बेरीज करून सेकंदाच्या दोन सहस्रांश भागाने! सिल्के क्राउसहार जिंकली, बार्बरा नीडर्नहूबर हरली. दोघीही जर्मनीच्या. ताशी ११५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी या अवधीत सहा-साडेसहा सेंटिमीटर सरकते. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी काढून तेवढे अंतर पाहा. इतक्या चिंचोळ्या जागेत जेथे क्रमांक लागतात, तेथे अठ्ठाविसावा आणि पहिला यांच्यामधले अंतर डोळ्यांना दिसणारे नसते, घड्याळालाच दिसते.

आता बर्फाकडे वळू. बर्फ निसरडा का असतो? जुन्या पुस्तकांत उत्तर असे दिलेले आढळेल की दाबाने बर्फाचा विलयबिंदू खाली जातो, म्हणून पट्टीखालचा बर्फ वितळून पाण्याचा थर होतो. मीही अनेक वर्षे हेच शिकवले. पण आकडे घालून पाहा. पन्नास किलोचा मुलगा एका स्केटवर उभा आहे. पात्याची रुंदी चार मिलिमीटर, लांबी पंचवीस सेंटिमीटर, क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटर. दाब येतो सुमारे पाच वातावरणे. विलयबिंदू एका अंशाने खाली न्यायला लागतात सुमारे १३५ वातावरणे. म्हणजे फरक पडला अंशाच्या चार शतांशाचा! पाते फक्त कडेवर टेकले आहे असे धरून दाब दहापट केला तरी अर्धा अंशसुद्धा होत नाही. आणि लोक तर उणे दहा अंशांवरही मजेत स्केटिंग करतात. खरे कारण दुहेरी आहे. बर्फाच्या अगदी वरच्या थरातील रेणूंना वरून धरून ठेवणारे कोणी नसल्याने ते सैल असतात. फॅरडेने १८५० च्या सुमारासच असा तर्क केला होता. दुसरे म्हणजे घासण्याने उष्णता निर्माण होते आणि ती बर्फाचा पातळ थर वितळवते. हे बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ साली दाखवून दिले. पट्टी गरम असेल तर हे काम आणखी सोपे होते, आणि हे खेळाडूंनाही ठाऊक असते. बुयाकोव्स्की गेला होता त्याच ग्रेनोबलच्या ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या ल्यूज खेळणाऱ्या स्त्रियांना पट्ट्या तापवल्याच्या आरोपावरून बाद करण्यात आले होते. तेव्हापासून शर्यतीपूर्वी पट्टीचे तापमान तपासणे हा खेळाचा भाग आहे. विज्ञान समजले की ते चोरीलाही उपयोगी पडते, हे काही नवे नाही.

एवढा सगळा विचार ज्या बर्फावर करायचा, तो बर्फ भारतात आहे कोठे? तुम्ही म्हणाल, हिमालयात थोडा का आहे! पण ल्यूजला डोंगरावरचा भुसभुशीत बर्फ चालत नाही. सिमेंटची नळी बांधतात, तिच्यात नळ्यांचे जाळे घालतात, त्यांतून अमोनिया खेळवून सिमेंट थंड करतात आणि वर पाणी फवारून कठीण बर्फाचा थर चढवतात. तुमच्या फ्रीजचेच तत्त्व, फक्त फ्रीज एक-दीड किलोमीटर लांब. अशी नळी भारतात नाही. दारव्ह्याला बांधली तर काय होईल, याचा गंमत म्हणून हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर जाडीचा बर्फ म्हणजे सव्वानऊ किलो. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. भर दुपारचे ऊन चौरस मीटरला सेकंदाला सुमारे एक किलोज्यूल देते. ते सगळे शोषले गेले असे मानले तर पन्नास मिनिटांत पाणी! त्यात आमचा गरम वारा मी धरलेलाच नाही.

मग केशवन सराव कोठे करी? पट्ट्या काढून त्याने गाडीला चाके लावली आणि हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर तो ती चालवू लागला. घाटात समोरून मालमोटारी येत आहेत, मधेच मेंढ्यांचा कळप आहे, आणि हा गृहस्थ रस्त्यापासून वीतभर उंचीवर उताणा झोपून त्यांच्यामधून वाट काढतो आहे, अशी चित्रफीत पुष्कळांनी पाहिली आहे. पाहताना मला कौतुक वाटले आणि पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून वाईटही वाटले. कारण चाक आणि पट्टी एक नव्हेत. चाकाला आडवे घसरू न देणारे घर्षण डांबर देते. बर्फावर ते जवळजवळ नसते, तेथे पट्टीची कड बर्फात रुतवूनच वळावे लागते. शिवाय नळीच्या वळणावर जे होते ते रस्त्यावर होत नाही. सेकंदाला ३५ मीटर वेगाने, २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर अभिकेंद्री त्वरण काढा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, ४९ येतात, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या पाचपट! शिरस्त्राणासह सहा किलोचे डोके त्या क्षणी तीस किलोचे होते आणि ते मानेने सावरायचे असते. हा सराव घाटातल्या रस्त्यावर होऊच शकत नाही. पोहण्याचा सराव कोरड्या विहिरीत करण्यासारखेच ते. ज्यांच्या गावाजवळ नळी आहे ते बालपणापासून शेकडो वेळा तिच्यातून उतरतात. केशवनला बर्फ मिळे तो परदेशात, आणि तोही पैसे जमले तर. त्यासाठी त्याला लोकांकडून वर्गणीही गोळा करावी लागली.

तरीही तो एकामागून एक सहा ऑलिंपिक खेळला. २००२ साली तेहतिसावा. २००६ साली इटलीतील तुरिन येथे पंचविसावा, हा त्याचा सर्वोत्तम क्रमांक. २०१० साली एकोणतिसावा. २०१४ साली सदतिसावा आणि २०१८ साली चौतिसावा. आणि २०११ साली नागानो येथेच आशियाई स्पर्धेत त्याने ४९.५९० सेकंदांची फेरी आणि ताशी १३४.३ किलोमीटरचा वेग नोंदवून सुवर्णपदक मिळवले. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार त्याला देण्यात आला.

या आकड्यांमागे काय होते, त्याचे दोन प्रसंग सांगतो. २०१० साली कॅनडात व्हिस्लरच्या नळीत उद्‌घाटनाच्याच दिवशी सराव करताना जॉर्जिया देशाचा नोदार कुमारिताश्विली हा एकवीस वर्षांचा खेळाडू वळणावर बाहेर फेकला गेला आणि खांबावर आदळून मरण पावला. वेग होता ताशी १४० किलोमीटरच्या वर. शर्यतीची सुरुवात मग खालच्या जागेवरून करण्यात आली, म्हणजे उंची कमी केली, म्हणजेच ऊर्जा कमी केली. त्या नळीत दुसऱ्या दिवशी केशवनही उतरला.

दुसरा प्रसंग २०१४ चा, रशियातील सोची येथला. त्या वेळी आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय ऑलिंपिक संघटनेला निलंबित केले होते, त्यामुळे आपले तिघे खेळाडू उद्‌घाटनाला तिरंग्याशिवाय चालले. निलंबन उठले ११ फेब्रुवारीला, केशवनची शर्यत ९ तारखेलाच संपली होती. तेथेच सरावात एका वळणानंतर तो गाडीवरून खाली पडला. भरधाव वेगात बर्फावर घसरत असतानाच त्याने गाडी धरली, पुन्हा तिच्यावर चढला आणि फेरी पूर्ण केली. लोकांना हा चमत्कार वाटला. पण जडत्वाचा नियम आठवा. पडताना गाडीचा जो वेग तोच त्याचा वेग. जमिनीवरून पाहणाऱ्याला दोघेही वाऱ्यासारखे जाताना दिसतात, पण एकमेकांच्या दृष्टीने दोघे जवळजवळ स्थिर असतात. चालत्या आगगाडीत तुम्ही एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाता तसेच. नियम सोपा आहे. मात्र त्या अर्ध्या सेकंदात घाबरून हात न सोडणे याला कोणताही नियम पुरा पडत नाही.

स्कीमध्येही आपले खेळाडू आहेत. मनालीकडच्या आंचल ठाकूरने २०१८ साली तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे कांस्यपदक मिळवले, ते स्कीमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये काश्मीरच्या गुलमर्गकडचा आरिफ खान हा आपला एकटाच खेळाडू होता. जायंट स्लालममध्ये तो पंचेचाळिसावा आला. वर्गातल्या त्या प्रश्नासाठी मी त्याचाच निकाल फळ्यावर लिहिला. विजेता स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमाट, दोन फेऱ्यांची वेळ २ मिनिटे ९.३५ सेकंद. आरिफ, २ मिनिटे ४७.२४ सेकंद. भागाकार केला. ओडरमाट शंभर मीटर उतरतो तोवर आरिफ सत्त्याहत्तर मीटर उतरलेला असतो. फरक मोठा आहे, तो लहान करून सांगण्यात अर्थ नाही. मग मी दुसरा आकडा लिहिला. त्या दिवशी जोराचा बर्फ पडत होता, समोरचे नीट दिसत नव्हते, आणि शर्यत सुरू केली होती ८९ जणांनी. त्यांतले जवळजवळ निम्मे शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचलेच नाहीत. आरिफच्या दोन फेऱ्या पाहा. पहिली १ मिनिट २२.३५ सेकंद, दुसरी १ मिनिट २४.८९ सेकंद. दोन्ही वेळा तो जवळपास सारख्याच वेगाने, न पडता खाली आला. तीन दिवसांनी स्लालममध्ये मात्र पहिल्याच फेरीत त्याची एक काठी चुकली आणि तो बाद झाला. तेव्हा यादीत शेवटी असणे आणि यादीतच नसणे यांत काय फरक आहे, ते त्याने एकाच आठवड्यात दोन्हीकडून पाहिले.

मागच्या बाकावरचा विद्यार्थी फळ्याकडे पाहत थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, म्हणजे बर्फावरचे दिवस मोजायला पाहिजेत, नंबर नाही." मी म्हटले, दोन्ही मोज, आणि भागाकार करून पाहा.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. (बेअरिंगची गाडी घेऊन रस्त्यावर जायचे नाही, हे आधीच बजावून ठेवतो. तिला ब्रेक नसतो आणि मालमोटारीला डोळे नसतात.) स्टीलचे एक सपाट, काठ नसलेले ताट किंवा पत्र्याचा तुकडा घ्या. त्याच्या एका कडेला खोडरबर, लाकडी ठोकळा आणि बर्फाचा खडा रांगेत ठेवा. ती कड हळूहळू उचला आणि कोणता पदार्थ कोणत्या उंचीवर घसरू लागतो ते पट्टीने मोजा. कडेची उंची भागिले ताटाचा जमिनीवरचा पाया, हा झाला त्या पदार्थाचा स्थितिक घर्षणांक. प्रत्येकाचा पाच वेळा काढून सरासरी घ्या. विदर्भातल्या मुलांनी बर्फाचे मोजमाप सकाळी लवकर करावे आणि खडा हातात फार वेळ धरू नये.